स्थानक पाहावे खणून

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे आपले वाडवडील सांगून गेले. या दोन्ही कामांत अंदाजपत्रक नावाची वस्तू पहिल्या पंधरवड्यातच मान टाकते, हा त्यांचा अनुभव असावा. त्यांच्या गावात जमिनीखालून आगगाडी जात नव्हती. जात असती, तर या म्हणीला तिसरे शेपूट खात्रीने जोडले गेले असते : स्थानक पाहावे खणून!

मुंबईने ते नुकतेच खणून पाहिले. कुलाब्याकडच्या कफ परेडपासून वांद्र्यावरून आरेपर्यंत जाणारी भुयारी मेट्रो तीन हप्त्यांत सुरू झाली. पहिला तुकडा ऑक्टोबर २०२४ मध्ये, दुसरा मे २०२५ मध्ये आणि शेवटचा, दक्षिण मुंबईतला, ऑक्टोबर २०२५ मध्ये. लांबी साडेतेहतीस किलोमीटर, स्थानके सत्तावीस, आणि त्यांतली सव्वीस जमिनीच्या पोटात. मूळचा अंदाज होता २३,१३६ कोटी रुपयांचा. सुधारत सुधारत तो ३७,२७६ कोटींवर गेला. ‘सुधारित अंदाज’ हा शब्दप्रयोग मोठा गंमतीचा आहे. एखाद्याची प्रकृती सुधारली म्हणजे ती बरी झाली असे आपण समजतो. अंदाज सुधारला म्हणजे मात्र तो वाढला असेच समजायचे असते. किलोमीटरमागे हिशेब केला, तर गाड्या, कारशेड, यंत्रसामग्री सगळे धरून अकराशे कोटींच्या वर आकडा जातो. एवढा पैसा आपल्यासारख्या माणसाच्या डोळ्यांपुढे उभा राहत नाही. महिन्याच्या वाण्याच्या बिलात दीडशे रुपयांची चूक निघाली तर आपण तासभर भांडतो; चौदा हजार कोटींची वाढ वर्तमानपत्रात वाचून आपण पान उलटतो.

मला मात्र पान उलटवेना. याचे कारण, हा पैसा कुठे जातो याविषयी सर्वसाधारण समजूत आणि वस्तुस्थिती यांत मोठे अंतर आहे. भुयारी रेल्वे म्हटले की आपल्या मनात येतो तो बोगदा. डोंगर पोखरणारे ते अजस्र यंत्र, त्याची दातेरी चकती, अंधार, चिखल. साहजिकच वाटते, की पैसा खातो तो हा बोगदा. पण या विद्येतली माणसे सांगतात की बोगदा तसा गुणी. हूड आहे ते स्थानक.

शिवणकामाचे उदाहरण घ्या. कापडातून दोरा सरळ ओवत नेणे हे यंत्राचे काम. ते मिनिटात हातभर शिवून देते. पण काज करायचे म्हटले, की शिंपी हातातले काम थांबवतो. कापड कापायचे, कडा उसवू द्यायच्या नाहीत, जवळजवळ टाके घालायचे, आणि एवढे करून भोक नेमके बटणासमोर यायला हवे. बोगदा म्हणजे शिवण आणि स्थानक म्हणजे काज. मुंबईच्या मार्गावर बोगद्यांसाठी सतरा यंत्रे खाली उतरवली होती. त्यांना नावे दिली होती आपल्या नद्यांची : गोदावरी, कृष्णा, वैतरणा, तानसा, सूर्या. ही नद्यांची नावे मला फार आवडली. नदी जशी आपली वाट कापीत जाते, तशी ही यंत्रे पुढून खडक कापीत आणि मागे काँक्रीटची कडी बसवीत गेली. वर रस्त्यावर चहा पिणाऱ्याच्या कपाला कळले नाही, की आपल्या पायांखालून गोदावरी गेली. २०२२ च्या अखेरीस सगळे बोगदे पुरे झाले. स्थानके पुरी होऊन शेवटचा प्रवासी खाली उतरायला मात्र आणखी जवळजवळ तीन वर्षे जावी लागली. काजाला वेळ लागतो तो असा.

हे काज करतात तरी कसे? आठ डब्यांच्या गाडीला पावणेदोनशे मीटरच्या आसपास फलाट हवा. त्याच्या दोन्ही टोकांना हवेचे पंखे, विजेच्या खोल्या, पाण्याचे पंप. म्हणजे दोनशे मीटर लांब, वीस मीटर रुंद आणि पंचवीस मीटर खोल असा खड्डा धरू. पंचवीस मीटर म्हणजे आठ मजल्यांची इमारत उलटी करून जमिनीत घातली असे समजा. या खड्ड्यातून निघणारा माल एक लाख घनमीटर. डंपरच्या एका खेपेत दहा घनमीटर म्हटले, तरी दहा हजार खेपा झाल्या. त्यात फोडलेला दगड फुगतो, म्हणून त्याहून कितीतरी जास्तच. आणि या खेपा कुठून जायच्या? तर ज्या रस्त्याखाली खड्डा आहे त्याच रस्त्यावरून, ज्यावर आधीच बस, टॅक्सी, हातगाडी आणि तुम्ही-आम्ही आहोत.

खणण्याच्या आधीची तयारी निराळीच. शहराच्या रस्त्याखाली काय काय पुरलेले असते याचा पत्ता शहरालाही नसतो. पाण्याच्या नळांवर गटारे, गटारांवर विजेच्या तारा, तारांवर टेलिफोनच्या दोऱ्या, आणि त्यांच्याही खाली एखादा इंग्रजांच्या काळचा विटांचा नाला, जो कोणत्याच नकाशात नाही. हे सगळे बाजूला सरकवायचे, तेही नळाचे पाणी एक दिवसही बंद न पडता. मग खड्ड्याच्या चारी कडांना खोल भोके पाडून काँक्रीटच्या खांबांची सलग भिंत उभारायची. तिच्या आधाराने आत खणत जायचे. मातीच्या आणि पाण्याच्या जमिनीत खोली दुप्पट झाली की त्या भिंतीवरचा एकूण रेटा चौपट होतो. खोलीला किंमत पडते ती अशी चढत्या भाजणीने.

एक पद्धत आहे, तिच्यात आधी वरचे छत घालतात, त्यावरून रस्ता पुन्हा वाहता करतात आणि मग छताखाली एकेक मजला खाली खणत जातात. कळस आधी, पाया नंतर. हे वाचले तेव्हा मला वेरूळचे कैलास आठवले. आठव्या शतकात राष्ट्रकूटांच्या कारागिरांनी तो डोंगर वरूनच कोरत खाली नेला, आणि तोही याच आपल्या दख्खनच्या काळ्या खडकात. मुंबईच्या पोटातही तोच ज्वालामुखीचा वारसा आहे. मुंबईच्या डोक्याशी कान्हेरीला भिक्षूंनी शंभरावर लेणी कोरली ती अशाच खडकात. म्हणजे जमिनीत दालने कोरण्याची विद्या आपल्याला नवी नाही. फरक एवढाच, की भिक्षूंच्या डोक्यावर चाळी नव्हत्या.

चाळींची गोष्ट निघाली म्हणजे काळबादेवी आणि गिरगाव ही दोन स्थानके डोळ्यांपुढे येतात. तिथला रस्ता अरुंद; दोन्ही अंगांना जुन्या इमारती एकमेकींच्या खांद्यावर मान टाकून उभ्या. तिथे वीस मीटर रुंद खड्डा मावणार कुठे? म्हणून तिथे बराचसा भाग वरून उघडा न करता आतून कोरला. मोजक्या जागी खड्डे घेऊन खाली उतरायचे, आणि तिथून आडवे शिरायचे. थोडा खडक काढायचा, लगेच त्यावर काँक्रीटची फवारणी करायची, पोलादी खिळ्यांनी खडकाला खडक जखडायचा, मग पुढचा घास. ऑस्ट्रियातल्या अभियंत्यांच्या नावाने ही पद्धत ओळखली जाते. ती हळू चालते आणि महाग पडते. पण तेवढेच करूनही भागले नाही. काही इमारती पाडाव्याच लागल्या, आणि त्यांतल्या बिऱ्हाडांना त्याच भागात नव्या इमारतींत जागा द्यायची असे ठरले. ठरण्यापासून किल्ली हातात पडेपर्यंतची वर्षे मात्र त्या माणसांनी कुठे कुठे काढली. ती कोणत्या रकान्यात मांडायची?

माझी एक मावशी गिरगावात राहते. तिची चाळ वाचली; रस्त्यापलीकडची गेली. पलीकडच्या चाळीत तिची पन्नास वर्षांची मैत्रीण होती. दोघींचा रिवाज असा, की संध्याकाळी दिवे लागले की आपापल्या गॅलरीत येऊन रस्त्याच्या डोक्यावरून गप्पा मारायच्या. खालून ट्रॅम गेली, ट्रॅम बंद होऊन बस आली, गप्पा चालूच. मैत्रिणीला दूरच्या उपनगरात भाड्याच्या जागेत जावे लागले आणि मावशीसमोर राहिली पत्र्याची भिंत. या पत्र्यांच्या आड तिच्या चाळीखालचा फरसाणवालाही सात-आठ वर्षे दिसेनासा झाला होता. गिऱ्हाईक येईना, म्हणून त्याने एक पोऱ्या कोपऱ्यावर उभा केला, त्याचे काम एकच, “दुकान चालू आहे हो!” असे ओरडायचे. त्या पोऱ्याचा पगारही खरे म्हणजे स्थानकाच्या खर्चात धरला पाहिजे.

हे सगळे खोल खणण्याचे खूळ आले कुठून? पहिली भुयारी रेल्वे लंडनला १० जानेवारी १८६३ रोजी धावली. आपल्या बोरीबंदर-ठाणे गाडीला तेव्हा दहाच वर्षे होत होती. ती लंडनची गाडी रस्त्याच्या अगदी खाली होती. रस्ता उकरायचा, रूळ घालायचे, वर कमान करून रस्ता बुजवायचा. वाफेच्या एंजिनाचा धूर भुयारात कोंडायचा ही एक अडचण, पण प्रवासी एक जिना उतरला की गाडीत. १८९६ साली बुडापेस्टने तर आपली छोटीशी विजेची गाडी इतक्या वर ठेवली, की मोजक्या पायऱ्या उतरताच फलाट लागतो. मधला मजला नाही, लांबलचक बोळ नाहीत. ती आजही चालू आहे, आणि जागतिक वारशाच्या यादीत तिचा समावेश झाला आहे. पुढे वीज आली, लिफ्ट आली, सरकते जिने आले, आणि अभियंत्यांना धीर आला. रस्ते उकरून लोकांच्या शिव्या खाण्यापेक्षा आपण खालूनच जाऊ, असे त्यांना वाटू लागले. कीव्हचे १९६० मधले एक स्थानक तर शंभर मीटरांहून खोल आहे. भारतात पहिली भुयारी रेल्वे बांधली कलकत्त्याने. १९७२ च्या डिसेंबरात कोनशिला बसली आणि २४ ऑक्टोबर १९८४ रोजी पहिली गाडी धावली ती जेमतेम साडेतीन किलोमीटर. त्यांनी बहुतेक रस्ते वरूनच उकरले होते, आणि बारा वर्षे ते शहर खड्ड्यांच्या कडेकडेने चालत होते. तो धडा सगळ्यांनी पाहिला होता.

तेव्हा दोन्ही बाजूंना किंमत आहे. उथळ खणाल तर रस्ता काही वर्षे मोडतो. खोल खणाल तर पैसा जास्त जातो, आणि तो खर्च उद्घाटनाच्या दिवशी संपत नाही. पंचवीस मीटर खोल फलाटावर पोचायला सरकत्या जिन्यांवर नुसते उभे राहायचे म्हटले, तर दीड-दोन मिनिटे जातात. त्यात मधल्या मजल्यावरचे चालणे, तपासणी आणि तिकिटाचे फाटक. जाताना चार-पाच मिनिटे, येताना चार-पाच मिनिटे. एका माणसाची दहा मिनिटे म्हणजे काहीच नव्हे. पण रोज लाख माणसांची दहा मिनिटे म्हणजे दहा लाख मिनिटे, आणि ती रोज, पुढची शंभर वर्षे. हा कर कोणत्याही अंदाजपत्रकात छापलेला नसतो. मुंबईचा माणूस हा कर सर्वांत आधी ओळखतो, कारण चर्नी रोडला तो जिना चढून धावत सुटला की चालत्या लोकलचा डबा पकडतो. मुंबईकराचे घड्याळ मिनिटांचे आहे.

पैशाच्या बाबतीत मात्र आपल्याला न्यूयॉर्कने पार मागे टाकले आहे. तिथल्या सेकंड अव्हेन्यूखालून रेल्वे न्यायची असे १९२९ मध्ये ठरले. मंदी आली, युद्ध आले. १९७२ मध्ये कुदळ मारली, तीन वर्षांत शहराचे दिवाळे निघायची वेळ आली म्हणून ती खाली ठेवली. अखेर १ जानेवारी २०१७ रोजी पहिला टप्पा उघडला. जेमतेम तीन किलोमीटर मार्ग, तीन नवी स्थानके, एका जुन्याचा विस्तार, आणि खर्च सुमारे ४४५ कोटी डॉलर. ज्या अभ्यासकांनी या खर्चाची चिरफाड केली त्यांना आढळले, की पैशाचा सिंहाचा वाटा स्थानकांनी खाल्ला. फलाट सहाशे फुटांचा, पण दोन स्थानकांची खणती त्याच्या दुपटीहूनही लांब. उरलेल्या जागेत काय? तर पडद्यामागच्या खोल्या. यंत्रांच्या काही, आणि काही निरनिराळ्या खात्यांच्या. इथल्या माणसांना वेगळी खोली, तिथल्या माणसांना वेगळी.

हे वाचताना मला हसू आले, कारण हे दुखणे आपल्या फार ओळखीचे आहे. एकत्र कुटुंबातले चार भाऊ नांदतात एका घरात, पण प्रत्येकाला चूल वेगळी हवी. वरच्या मजल्यावर चार चुली मांडल्या तर फार तर धूर होईल. जमिनीच्या पोटात अख्खा खडक फोडून चार चुली मांडायच्या म्हणजे प्रत्येक चुलीमागे कोट्यवधींचा खड्डा. तिथल्या खडकाला दोष देऊन उपयोग नाही. खडकाने फक्त भावांच्या भांडणाचे बिल पाठवले.

आपण मात्र यावर फार खूश होऊ नये. डॉलरच्या भावाने हिशेब केला, तर मुंबईचा किलोमीटर न्यूयॉर्कच्या दहाव्या हिश्शाच्याही आत पडतो. पण आपल्याकडची मजुरी किती आणि तिथली किती? रुपयाला घरच्या बाजारात काय मिळते ते धरले, की ही स्वस्ताई झपाट्याने आटते. खरी स्वस्ताई पाहायची तर स्पेनला जावे. माद्रिद शहराने शतकाच्या वळणावर भुयारी रेल्वेचा असा धडाका लावला, की २००३ मध्ये त्यांनी एकाच दिवशी चाळीस किलोमीटरचा नवा वळसा आणि त्यावरची अठ्ठावीस स्थानके उघडली. त्यांच्या कामाचे सूत्रधार मान्वेल मेलिस नावाचे अभियंते. त्यांचा हट्ट साधा होता : स्थानके शक्यतो उथळ, वरून खणलेली, आणि आराखडा एकसारखा. सगळी एकाच साच्यातली, दिवाळीच्या करंज्यांसारखी. साचा एकदा जमला, की पन्नासावी करंजी पहिलीपेक्षा लवकर होते आणि फुटत नाही. प्रत्येक करंजीला नवा साचा घडवायला बसलो तर दिवाळी निघून जायची. शिवाय तिथे हुकूम देणारा माणूस कामाच्या जागेपासून हाकेच्या अंतरावर होता. कागद फिरत राहिला नाही, म्हणून व्याजही फिरत राहिले नाही. बांधकामात उशिरासारखा महाग माल दुसरा नाही. मुंबईचा आकडा फुगला त्यातही वर्षांचा वाटा मोठा आहे.

मग काय, स्थानके म्हणजे नुसत्या काँक्रीटच्या पेट्या करायच्या? सौंदर्याला रजा द्यायची? असे कोणी म्हटले की माझे मन उसळी मारते. मॉस्कोने १९३५ मध्ये आपली मेट्रो उघडली तेव्हा देशात सुबत्ता होती असे नाही. तरी त्यांनी संगमरवर लावले, झुंबरे टांगली. १९३८ चे मायाकोव्हस्काया स्थानक पाहा. चकचकीत पोलादाच्या कमानी आणि छताच्या घुमटांत मोझॅकची आकाशचित्रे. जमिनीखाली तेहतीस मीटरांवर माणसाने मान वर केली की त्याला आकाश दिसावे, ही कल्पनाच किती मोठी! तीन वर्षांनी जर्मन विमाने आली, तेव्हा याच आकाशाखाली मॉस्कोची माणसे जीव मुठीत धरून बसली होती.

पण सौंदर्याला नेहमी संगमरवरच लागते असेही नाही. स्टॉकहोमच्या १९७५ च्या सुमाराच्या स्थानकांत त्यांनी खडक झाकलाच नाही. गुहा जशी खणली तशी ठेवली, तिच्या अंगावर काँक्रीटचा पातळ थर फवारला आणि वर चित्रकारांना बोलावले. गुहा गुहेसारखीच दिसते, खोटी भिंत आणि खोटे छत यांचा खर्च वाचतो, आणि लोक ती पाहायला मुद्दाम जातात. आपल्या पुण्यात जिल्हा न्यायालयाचे स्थानक तेहतीस मीटर खोल आहे, तिथे वरून उन्हाला वाट ठेवली आहे. उन्हाला तिकीट लागत नाही. खोल विहिरीच्या तळाशी दुपारी कवडसा हलताना ज्याने लहानपणी पाहिला असेल, त्याला त्या स्थानकात काय वाटेल ते मी सांगायला नको. मुंबईत आपण खडक कोरला आणि मग तो नीटनेटक्या पट्ट्यांनी झाकला, याची मला थोडी हळहळ वाटते. कान्हेरीच्या वारसदारांनी खडकाची एखादी भिंत तरी उघडी ठेवायला हवी होती.

गिरगावचे स्थानक उघडल्यावर काही दिवसांनी मी मावशीला तिथे घेऊन गेलो. तिच्या गुडघ्यांचे वय तिच्यापेक्षा दहा वर्षांनी जास्त आहे. मी मनाशी ठरवले होते, की तिला छताची उंची दाखवायची, दिव्यांची मांडणी दाखवायची, पाट्या दाखवायच्या. तिने यातले काहीही पाहिले नाही. ती आधी रस्त्यावरच थांबली.

“अरे, लिफ्ट कुठल्या दाराशी आहे? या की त्या?”

दार सापडले. खाली गेल्यावर ती म्हणाली, “बसायला बाक बरा आहे. पण वर येताना आपण कुठे निघणार, ते आधी वाच. रस्त्याच्या पलीकडे निघालो तर मला रस्ता ओलांडवायचा नाही.”

मी पाटी वाचू लागलो. तेवढ्यात गाडी आली. थंडगार डब्यात बसल्यावर मावशी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “हिच्याकडे जायला मला आता टॅक्सी नको.” ‘हिच्या’ म्हणजे पलीकडच्या चाळीतल्या मैत्रिणीकडे. ती आता उत्तरेकडे, याच मार्गावरच्या एका स्थानकापासून दहा मिनिटांवर राहते. ज्या खड्ड्याने या दोघींची ताटातूट केली, त्याच खड्ड्यातून मावशी आता तिच्याकडे जाते. याला नफा म्हणावे की नुकसानभरपाई, हे मला अजून ठरवता आलेले नाही. मावशीने ते ठरवायचा प्रयत्नच केलेला नाही. ती दर गुरुवारी जाते.

मावशीच्या त्या दाराच्या प्रश्नावर मी पुढे पुष्कळ विचार केला. अब्जावधी रुपयांचे स्थानक माणसाच्या उपयोगी पडायचे ते चार फुटांच्या दारातून. दार शंभर पावले जवळ असले तर आठ मजले खोल स्थानकही जवळचे वाटते. दार चुकीच्या कोपऱ्यावर असले तर उथळ स्थानकही परगावचे. निसर्गही स्थानकाची परीक्षा दारातच घेतो. २६ मे २०२५ रोजी मुंबईत पाऊस वेळेआधी कोसळला आणि आचार्य अत्रे चौक स्थानकात पाणी शिरले, तेही उघडल्यापासून सोळाच दिवसांनी. शिरले कुठून? तर अजून काम चालू असलेल्या एका दारातून. कोट्यवधींची भिंत उभी राहिली आणि पाहुणा मागच्या दाराने आला. अत्रे असते तर असा पाऊस गेल्या दहा हजार वर्षांत झाला नाही असे म्हणाले असते, आणि असे दारही झाले नाही, अशी पुस्ती जोडून मोकळे झाले असते.

तेव्हा काटकसर करावी, पण कुठे ते पाहून करावी. छताची दहा फूट उंची कमी केली तर कोणाचेही डोके आपटत नाही. पडद्यामागच्या चार खोल्यांची एक केली तर गाडी थांबत नाही. पण एक दार गाळले, एक लिफ्ट गाळली, तर एक अख्खा मोहल्ला रस्त्याच्या चुकीच्या बाजूला राहतो. सर्वांत सोपी काटकसर म्हणजे अख्खे स्थानकच गाळायचे, आणि तीच बहुधा सर्वांत महाग पडते. पुण्यात स्वारगेट ते कात्रज असा साडेपाच किलोमीटरचा भुयारी मार्ग २०२४ मध्ये मंजूर झाला, तेव्हा त्यावर तीनच स्थानके होती. मधल्या वस्तीतल्या लोकांनी विचारले, की गाडी आमच्या पायांखालून जाणार आणि आम्ही मात्र वरून रिक्षानेच जायचे काय? सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने आणखी दोन स्थानकांना मान्यता दिली, कात्रजचे स्थानक थोडे दक्षिणेला सरकवले, आणि या सगळ्यासाठी सुमारे ६८३ कोटींचा जादा खर्च मान्य केला. आकडा मोठा आहे. पण ज्या मार्गावर चढायलाच जागा नाही, तो मार्ग स्वस्तात मिळाला म्हणून तरी काय करायचा?

लंडनच्या बेकर स्ट्रीटवर १८६३ चे फलाट आजही वापरात आहेत. ते बांधणाऱ्यांनी अंदाजपत्रक कितीने ओलांडले, हे त्यावर उभ्या राहणाऱ्या एकाही प्रवाशाला ठाऊक नसेल. गाडी किती वेळाने आहे आणि बाहेर कुठल्या दाराने पडायचे, एवढेच त्याला हवे असते. आपल्या स्थानकांचेही तसेच होणार. चौदा हजार कोटींची वाढ नातवंडे विसरतील. पायऱ्या, बोळ, दारे मात्र त्यांच्या वाट्याला जशीच्या तशी येतील, कारण खडकात एकदा कोरलेले पुन्हा मिटवता येत नाही. शहरात अजून पुष्कळ खणायचे आहे. पुढच्या खड्ड्याचा आराखडा लोकांसमोर मांडतील, तेव्हा रकमेच्या पुढची शून्ये मोजणारे पुष्कळ असतील, आणि ते असलेच पाहिजेत. पण त्या गर्दीत गुडघे दुखणारी एखादी मावशीही बसवावी. ती एकच विचारील : “लिफ्ट कुठल्या दाराशी आहे?” तिला उत्तर मिळाल्याखेरीज पहिली कुदळ मारू नये.